ऑर्किड : चित्र काढणाऱ्या, बंदिश बांधणाऱ्या प्राध्यापकांच्या किती कामाचे?

कला महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने वर्षभराच्या कामाची नोंद करायला घेतली की पहिली अडचण रकान्यांची येते. शोधनिबंध, पुस्तक, प्रकरण, अनुवाद यांना जागा असते. एकल प्रदर्शन, नाटकाचे दिग्दर्शन, नवी बंदिश, नवा अक्षरसंच कुठे लिहायचा, हे अर्ज सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला संशोधन-गुणांचा तक्ता काढून बघा. भाषा, मानव्यविद्या आणि कला या शाखांत शोधनिबंधाला १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, पुस्तकाच्या अनुवादाला ८. पुरस्काराची ओळ आहे, पण प्रदर्शनाची किंवा मैफलीची स्वतंत्र ओळ नाही. म्हणून चित्रकार-प्राध्यापकाचे मुख्य काम ‘इतर माहिती’त जाते आणि स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, फाइल दुय्यम कामावर उभी राहते.

र. कृ. जोशी यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत आणि पुढे आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवले. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी घडवला आणि तो सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे वापरला गेला. एवढे मोठे संशोधन शोधनिबंधाच्या रकान्यात कसे बसवणार? जोशी २००८ साली गेले. संशोधकांच्या कामाची नोंद ठेवणारी ऑर्किड (ORCID) ही ऑनलाइन सेवा २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. आज तशाच कामाची नोंद करायची असेल तर ऑर्किडमध्ये ‘डिझाइन’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्याशिवाय कलात्मक निर्मिती किंवा प्रयोग, संग्रहालय वा क्युरेटेड प्रदर्शन, संगीतरचना, ध्वनी, चित्रफीत, प्रतिमा हेही प्रकार आहेत. ऑर्किडची उपयुक्तता कलाशाखेच्या बाजूने तपासावीशी वाटते ती एवढ्यासाठीच. विज्ञानवाल्यांसाठी त्यावर भरपूर लिहून झाले आहे.

ऑर्किड म्हणजे संशोधकाला मिळणारा सोळा आकडी क्रमांक आणि त्याला जोडलेले सार्वजनिक पान. व्यक्तीला ते फुकट मिळते, चालवणारी संस्था ना-नफा आहे. नाव, ईमेल, पासवर्ड, सध्याची नोकरी आणि नोंदी कोणाला दिसाव्यात याची निवड एवढे भरले की पाच मिनिटांत क्रमांक हातात येतो. क्रमांकाच्या शेवटच्या जागी कधी कधी इंग्रजी एक्स हे अक्षर असते. तो तपासणी-अंक आहे. हिशेबात दहा आले की एक्स लिहितात. महाविद्यालयाच्या एक्सेल तक्त्यात तो रकाना ‘फक्त आकडे’ असा ठेवला असेल तर हा एक्स गळतो, सुरुवातीची शून्येही जातात आणि क्रमांक चुकीचा ठरतो. रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

नोंदणीनंतर आलेल्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक करून पत्ता पडताळून घ्या. ते होईपर्यंत हाताने नोंदी भरता येत नाहीत आणि बरेच जण इथेच अडकून ‘साइट चालत नाही’ म्हणून सोडून देतात. त्याच बैठकीत दुसरा, खासगी ईमेल जोडा. महाविद्यालयाचा पत्ता निवृत्तीनंतर किंवा बदलीनंतर बंद होतो आणि मग पासवर्ड परत मिळवायला वाट राहत नाही.

मराठी माणसाला या सेवेचा खरा उपयोग नावापाशी होतो. मधले नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षर. लग्नाआधीचे आडनाव, नंतरचे आडनाव, कधी दोन्ही. कॅटलॉगमध्ये मराठी, जर्नलमध्ये रोमन आणि रोमनमध्येही तीन वेगळी स्पेलिंगे. ऑर्किडमध्ये मधल्या नावाला वेगळा रकाना नाही, ते पहिल्या नावाच्या रकान्यातच पुढे लिहायचे. ‘प्रकाशित नाव’ या जागी ज्या स्पेलिंगने जास्तीत जास्त काम छापले गेले आहे ते टाका. बाकीची सगळी रूपे ‘अन्य नावे’मध्ये एकेक करून जोडा, देवनागरी रूपही तिथेच. हे दहा मिनिटांचे काम टाळले जाते आणि मग नावाचा घोळ सोडवण्यासाठी घेतलेल्या क्रमांकाखालीच तो घोळ तसाच राहतो.

नोकरीच्या नोंदीत संस्थेचे नाव टाइप करू लागलात की यादी खाली उघडते. शक्यतो तिथूनच निवडा, कारण यादीतल्या नावामागे संस्थेचा ओळखक्रमांक असतो. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. क्रमांकामुळे जुने आणि नवे नाव एकाच संस्थेचे म्हणून ओळखले जाते. संलग्न महाविद्यालय यादीत नसेल तर पूर्ण नाव हाताने लिहिता येते. तशा वेळी विद्यापीठाचे नाव संस्था म्हणून निवडून महाविद्यालय ‘विभाग’ रकान्यात घालण्याची पद्धत रूढ आहे. आमच्या मते ती चूक आहे. तुमचा नियोक्ता महाविद्यालय आहे, तेच लिहा.

आता मुख्य भाग, म्हणजे कामांची नोंद. एका एकल चित्रप्रदर्शनाची नोंद सावकाश बघू, म्हणजे ही सेवा कुठे चांगली आहे आणि कुठे तोकडी पडते ते कळेल.

हाताने नोंद करायचा पर्याय निवडून प्रकार ठरवा. तुम्ही इतरांच्या कामांची निवड आणि मांडणी केली असेल तर क्युरेटेड प्रदर्शन. स्वतःची चित्रे मांडली असतील तर कलात्मक निर्मिती किंवा प्रयोग. हा फरक पाळला नाही तर क्युरेटर आणि चित्रकार एकाच कामाचे कर्ते वाटू लागतात. शीर्षकाच्या रकान्यात प्रदर्शनाचे मूळ नाव देवनागरीत लिहा. त्याखाली भाषांतरित शीर्षक आणि त्याची भाषा असे दोन रकाने आहेत, तिथे इंग्रजी नाव. उलटे करू नका: मूळ शीर्षकाच्या जागी इंग्रजी टाकले तर मराठीतून शोधणाऱ्याला ते काम सापडणार नाही. ‘प्रकाशक’ या रकान्यात दालनाचे नाव लिहावे लागते, कारण दालनासाठी वेगळा रकाना नाही.

तारखेपाशी पहिली खोट दिसते. कामाच्या नोंदीत एकच तारीख बसते, प्रदर्शनाला मात्र सुरुवात आणि शेवट असतो. उद्घाटनाची तारीख तारखेच्या रकान्यात द्या आणि पूर्ण कालावधी वर्णनात लिहा. वर्णनातच कामांची संख्या, माध्यम, आकार आणि एकल की समूह, हे दोन-तीन ओळींत यावे. ‘तैलरंग, कॅनव्हास, १८ कामे, सर्वांत मोठे १५० बाय १२० सेंमी’ एवढी एक ओळसुद्धा चाळणाऱ्याला पुष्कळ सांगून जाते. तेच प्रदर्शन पुढे दुसऱ्या शहरात गेले तर नवी नोंद न करता वर्णनात ठिकाण वाढवा. नवी कामे आणि नवा कॅटलॉग असेल तरच वेगळी नोंद. नाटकालाही हाच न्याय: चाळीस प्रयोग झाले म्हणजे चाळीस नोंदी नव्हेत. ‘शीर्षकहीन’ नावाची पंधरा चित्रे एकेकटी नोंदवू नका, मालिका म्हणून एक नोंद करा.

मग ओळखक्रमांक. इथे होणारी चूक सगळ्यांत महागात पडते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. समूह प्रदर्शनाच्या कॅटलॉगला एक आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) असतो आणि त्यात वीस कलाकारांची कामे असतात. तो आयएसबीएन टाकताना ‘नाते’ विचारले जाते: हा क्रमांक याच कामाचा आहे की ज्याचा हे काम भाग आहे त्याचा? बहुतेक जण ‘सेल्फ’ तसेच ठेवतात. ऑर्किड समान ‘सेल्फ’ क्रमांकाच्या नोंदी एकाच कामाच्या प्रती समजून एकत्र करते. परिणामी एकाच संपादित ग्रंथातली तुमची दोन प्रकरणे पानावर एकच दिसतात आणि एक प्रकरण गायब झाल्यासारखे वाटते. प्रकरण असो वा कॅटलॉगमधला लेख, नाते ‘पार्ट ऑफ’ हवे. जुन्या नोंदींत चूक झाली असेल तर ती नोंद उघडून फक्त हे नाते बदला; दोन्ही कामे पुन्हा वेगळी दिसू लागतात.

देवनागरीची अडचण आणखी खोलात आहे. जुने कॅटलॉग आणि निबंध श्रीलिपी, एपीएस किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेले असतात. तिथून शीर्षक कॉपी करून पेस्ट केले की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, कारण त्या टंकांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. शीर्षक छोटे असेल तर सरळ पुन्हा टाइप करणे सोपे पडते.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळे सुटत नाही. ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तायुक्त र आणि हलन्ताने, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडणी-चिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. ‘ॲ’चेही तसेच: एक सलग वर्ण, अ वर चंद्र, किंवा हिंदी वळणाचा ऍ. कॅटलॉगमध्ये एक रूप आणि ऑर्किडमध्ये दुसरे असेल तर शोधयंत्राला जुळणी लागत नाही. एकच कीबोर्ड ठरवून सगळी शीर्षके त्यावरच टाइप करणे हा साधा उपाय. हा दोष एकट्या ऑर्किडचा म्हणता येणार नाही, पण ऑर्किडचा पडदा मराठीत उपलब्ध नसल्याने मदतही मिळत नाही.

शोधनिबंधांची बाजू तुलनेने सोपी आहे. डीओआय, म्हणजे ऑनलाइन प्रकाशनाला मिळणारा कायमचा क्रमांक, असलेला निबंध तो क्रमांक टाकताच भरला जातो. जर्नलला निबंध पाठवताना ऑर्किड दिले असेल तर डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून तुमच्या खात्यात परवानगीची सूचना येते. एकदा होकार दिला की पुढचे निबंध आपोआप येतात, आणि ती सूचना न वाचता सोडली तर काहीच येत नाही. गूगल स्कॉलरवरून बिबटेक (संदर्भसूचीची) फाइल आणून एकदम सगळे भरता येते, पण त्यात बहुतेक वेळा डीओआय नसतो. पुढे तोच निबंध क्रॉसरेफकडून आला की पानावर दोनदा दिसतो. आपल्या नोंदीत डीओआय घाला, दोन्ही एकत्र मिटतात. मराठी जर्नलांपैकी फारच थोडी डीओआय देतात, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला हाताने भरण्याला पर्याय नाही. वीस वर्षांचा बायोडेटा भरायला दोन-तीन दुपारी लागतील, त्या बाजूला काढा.

पुरस्कार, निवासी शिष्यवृत्त्या, अतिथी प्राध्यापकी यांची जागा कामांत नाही. त्या ‘प्रोफेशनल ॲक्टिव्हिटीज’ या भागात ‘निमंत्रित पद’ किंवा ‘सन्मान’ म्हणून जातात आणि तिथे सुरुवात व शेवट अशा दोन्ही तारखा मिळतात. राज्य कला प्रदर्शनातले पारितोषिक कामांत घुसडलेले बघायला मिळते, ते तिथून काढून इकडे आणावे.

आता ही सेवा काय करत नाही ते. ऑर्किड फाइल साठवत नाही. चित्राचा फोटो, कॅटलॉगची पीडीएफ, मैफलीचे ध्वनिमुद्रण यांतले काहीही तिथे चढवता येत नाही, फक्त दुवा देता येतो. आणि हाताने केलेल्या नोंदीखाली स्रोत म्हणून तुमचेच नाव दिसते. म्हणजे ‘मी हे केले’ असे तुम्ही म्हणता आहात, दुसऱ्या कोणी ते पडताळलेले नाही. छाननी समितीपुढे निव्वळ ऑर्किडची प्रत ठेवून भागणार नाही. निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, दालनाचे पत्र, वृत्तपत्रातले कात्रण ही फाइल हवीच.

कामाचे दर्शन जपले जाते ते दप्तरखान्यात, म्हणजे आर्काइव्हमध्ये. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेतल्या ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, रतन पारिमू, के. जी. सुब्रमण्यन या शिक्षक-कलावंतांची कागदपत्रे हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल करून खुली केली आहेत. ती चाळताना कळते की विद्याशाखेची कामगिरी छायाचित्रे, पत्रे, वर्गातली टिपणे, कॅटलॉग यांत असते. ऑर्किड फक्त ग्रंथालयातले सूचीकार्ड आहे. ग्रंथ दुसरीकडे ठेवावे लागतात.

ती ‘दुसरीकडे’ची जागा म्हणून झेनोडो हे फाइली साठवणारे संकेतस्थळ चांगले. २०१३ पासून सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था ते चालवते, फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली मावतात आणि प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो. परवाना मात्र नीट निवडा. आधीच भरून आलेला परवाना श्रेय देऊन कोणालाही व्यापारी वापर करू देतो. चित्रांसाठी तो बहुधा नको असतो. हक्कही तपासा. चित्र विकले तरी, हक्क लेखी दिलेला नसेल तर, कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. पण कोणी मोबदला देऊन काढून घेतलेले चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कायद्यानुसार पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. अशी कामे त्याच्या परवानगीशिवाय चढवू नका. चित्राचा फोटो दुसऱ्याने काढला असेल तर त्याचीही परवानगी घ्या. नाटकाच्या किंवा मैफलीच्या चित्रफितीत लेखक, संगीतकार आणि कलावंत असे अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. तिथे फाइल बंद ठेवून फक्त माहिती खुली ठेवण्याची सोय झेनोडोत आहे, ती वापरा.

विद्वान आणि इरिन्स या संशोधकांची माहिती दाखवणाऱ्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सेवा ऑर्किडला पर्याय म्हणून पाहू नयेत. इरिन्स संस्थेला फुकट मिळते आणि सगळ्या विभागांचे काम एका ठिकाणी दाखवते, ऑर्किडही त्याला जोडता येते. संस्थेसाठी ते उत्तम. पण नोकरी बदलली तरी सोबत येणारा क्रमांक ऑर्किडचा. जोडणी करूनही इरिन्सवर काही आले नाही तर बहुतेक वेळा ऑर्किडमधल्या नोंदी ‘फक्त मला’ दिसतील अशा ठेवलेल्या असतात. त्या ‘सर्वांना’ करा.

महाविद्यालयांसाठी एक कळकळीची सूचना. नॅकच्या मूल्यांकनाची तारीख जवळ आली की सगळ्या प्राध्यापकांची खाती कार्यालयातून एका दिवसात उघडली जातात. असे करू नये. खाते व्यक्तीचे असते, ते तिनेच उघडायचे असते. कोणाकोणाकडे आधीच क्रमांक असतो आणि मग एका माणसाचे दोन होतात. जुळे खाते काढून टाकायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. काढलेला क्रमांक ठेवलेल्या क्रमांकाकडे वळतो, पण काढलेल्या खात्यातल्या नोंदी सोबत येत नाहीत. आधी त्या दुसरीकडे भरा, मगच काढा. ग्रंथपालाची मदत घ्यायची तर पासवर्ड देण्याची गरज नाही. ‘विश्वासू व्यक्ती’ म्हणून त्यांचे ऑर्किड जोडा. ते तुमच्या खात्यात नोंदी भरू शकतात आणि तुम्ही हवे तेव्हा ती मुभा काढून घेऊ शकता.

पुढचे प्रदर्शन ठरले असेल तर हे काम कॅटलॉग छापायच्या आधी सुरू करा. महाविद्यालय प्रकाशक असेल तर आयएसबीएन देणाऱ्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. अर्ज वेळेत करा. झेनोडोवर नवी नोंद उघडून डीओआय राखून ठेवा, म्हणजे फाइल प्रसिद्ध करण्याआधीच क्रमांक हाती येतो. तो कॅटलॉगच्या श्रेयपानावर छापून घ्या. मात्र नोंद प्रसिद्ध होईपर्यंत तो दुवा उघडत नाही. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी पीडीएफ चढवून ‘पब्लिश’ करा, आणि तोच क्रमांक ऑर्किडमधल्या कॅटलॉगच्या नोंदीत ‘सेल्फ’ म्हणून आणि प्रदर्शनाच्या नोंदीत फक्त दुवा म्हणून टाका.